आई ‘नको’ म्हणतेय आणि भाऊ सही करायला निघालाय

पत्र थोडक्यात असं आहे:

‘ताई नमस्कार. माझं माहेर तासगाव तालुक्यात, सासर सांगलीत. आई ६७ वर्षांची, वडील नाहीत, भाऊ-वहिनीजवळ असते, द्राक्षबाग आहे. मागच्या महिन्यात आईच्या छातीत गाठ लागली म्हणून मिरजेला दाखवलं, सुईनं तुकडा काढून तपासला, रिपोर्ट कॅन्सरचा आला. डॉक्टरांनी भावाला आत बोलावून सांगितलं, आई बाहेर बाकावर बसलेली. दोघांनी ठरवलं की आईला कळू द्यायचं नाही, साधी गाठ आहे काढून टाकू एवढंच बोलायचं. आता आई म्हणते साधी आहे तर राहू दे की, या वयात मला कापाकापी नको. डॉक्टर म्हणतात त्यांना काय विचारत बसलाय, तुम्ही सही करा, सोमवारी घेऊन टाकू. मी विचारलं की पूर्ण छाती काढावीच लागेल का, तर म्हणाले गुगल बघून आलाय का. भाऊ म्हणतो तू मधे पडू नको, आईला कळलं तर ती आधीच संपेल. मला रात्री झोप नाही. आईला सांगू का? भावाला सही करू देऊ का? का डॉक्टरांना जास्त कळतं म्हणून गप्प बसू?’

लेकीच्या वयाची दिसतेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको.

आधी सोमवारचं बघू, कारण तुमच्या घरात सगळ्यांच्या उरावर तो सोमवार बसलाय आणि त्यामुळं कुणाला धड विचारच करता येईना झालाय. डॉक्टरांकडं जा आणि एवढंच विचार, ‘डॉक्टर, आठ-दहा दिवस थांबलो तर आईच्या आजारात काय फरक पडेल?’ बहुतेक ते म्हणतील फार नाही, पण लांबवू नका. ही गाठ म्हणजे काय हार्ट अटॅक किंवा फुटलेलं अपेंडिक्स नव्हे की आत्ताच्या आत्ता टेबलावर घ्यायलाच पाहिजे, ती एवढी व्हायला महिने, कधी कधी वर्षं गेलेली असतात, त्यामुळं आठ-दहा दिवसांनी आभाळ कोसळत नाही. मात्र ‘छाटणी झाली की बघू’, ‘माल गेला की बघू’ असं करत दोन-तीन महिने घालवले तर फरक पडतोय आणि तो वाईटच पडतोय. म्हणजे वेळ आहे, पण मोजका आहे.

आता सही. तुझी आई शुद्धीत आहे, तिला कळतंय, बोलतेय, ‘नको’ सुद्धा स्पष्ट म्हणतेय. मग तिच्या ऑपरेशनला सही तिचीच लागते, भावाची तिच्या बदल्यात चालत नाही. हे मी माझ्या मनानं सांगत नाहीये, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉक्टर प्रभा मनचंदा या खटल्यात सांगून ठेवलंय. दिल्लीची केस होती, १९९५ ची. ४४ वर्षांची बाई दुर्बिणीतून तपासणी करायला म्हणून दवाखान्यात गेली, तिला भूल दिली, आणि ती भुलीत असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. तिच्या आईनं काय वाईट मनानं होय म्हटलं असेल का? डॉक्टरांनाही वाटलं की एकदाच भूल दिलीय तर एकदाच उरकू. पण कोर्ट म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, अक्कल शाबूत आहे, तासाभरात शुद्धीवर येणार आहे, जिवाला लगेच धोका नाही, मग तिला विचारायला थांबायला पाहिजे होतं, आणि तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. भरपाई मिळाली फक्त पंचवीस हजार, आणि डॉक्टरांना त्या ऑपरेशनची फी मागता येणार नाही असं सांगितलं. रक्कम बघून हसू येतंय, पण देशातले संमतीचे खटले आजही त्या निकालाचा आधार घेऊन लढले जातात.

त्याच निकालात कोर्टानं हेही सांगितलंय की डॉक्टरनं काय काय सांगायचं. काय करणार, कशासाठी करणार, फायदा काय, दुसरा पर्याय आहे का, मोठे धोके कुठले, आणि उपचार घेतलाच नाही तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारे धोके वाचून दाखवून पेशंटला घाबरवून सोडायची गरज नाही, असंही म्हटलंय. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. म्हणजे डॉक्टरवर सगळं पुस्तक वाचून दाखवायचं ओझं नाही, पण तू जो प्रश्न विचारलास, पूर्ण काढावीच लागेल का, तो या यादीत सरळ बसतो. त्याचं उत्तर मिळणं तुझ्या आईचा हक्क आहे. गुगलचा काय संबंध.

तू म्हणशील ताई, सगळीकडं तर नातेवाईकाचीच सही घेतात. घेतात, खरंय, मी दवाखान्यात सोशल वर्कर म्हणून बरीच वर्षं काढलीत, ते फॉर्म मला पाठ आहेत. त्यामागं बिलाची काळजी असते, आणि उद्या काय बरंवाईट झालं तर चार गाड्या भरून माणसं येतील ही भीती पण असते, आणि ती भीती काय खोटी नाही. भावाला साक्षीदार म्हणून सही करू दे की, कोण नको म्हणतंय. पेशंट अठराच्या आतला असेल, बेशुद्ध असेल, डोकं अजिबात जाग्यावर नसेल, तर घरच्यांचं विचारावंच लागतं, आणि अपघातात रक्त वाहत असताना तर डॉक्टर कुणाच्याच सहीसाठी थांबत नाहीत, थांबूही नये. तुमच्याकडं यातलं काहीच नाही.

एक मात्र टोचतंय ते बोलून टाकते. आजार बाईला, अवयव बाईचा, आणि केबिनमध्ये दोन पुरुषांनी ठरवलं. तुझ्या वडिलांना काही झालं असतं तर त्यांना बाहेर बाकावर बसवून तुला आत बोलावलं असतं का? कायद्यानं सज्ञान बाईला गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती पुरते, तरी दवाखान्यात ‘मालक कुठायत, त्यांची सही आणा’ ऐकायला मिळतंच. हे एका डॉक्टरचं नाही, आपल्या सगळ्यांच्यात मुरलेलं आहे.

आता त्या डॉक्टरांच्या बाजूनं पण बोलू दे, नाहीतर तू माझं पत्र घेऊन तिथं भांडायला जाशील. मिरज म्हणजे मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांच्या काळापासून, १८९० च्या दशकापासून, दवाखान्यांचं गाव. ओपीडीत बघ, निम्मी गर्दी कर्नाटकातली, अथणीकडची, विजापूरकडची, पहाटेच्या गाडीनं आलेली, शिवाय जत-आटपाडीची माणसं, आणि प्रत्येकाला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत कॅन्सर हा शब्द एका म्हाताऱ्या बाईसमोर उच्चारायचा, मग ती रडणार, मग तिला सावरायचं, आणि दारात अजून पन्नास उभे. त्यात नातेवाईकच आधी केबिनमध्ये घुसून डोळ्यानं खुणावतात, ‘डॉक्टर, पेशंटला नका सांगू’. आणि मग डॉक्टरला सवय लागते. निम्मी दादागिरी आपणच आमंत्रण देऊन घरी बोलावलेली असते, हे मान्य करायला पाहिजे. ‘त्यांना काय विचारताय’ हे मात्र चुकीचंच बोलले, त्यात मी त्यांची बाजू घेणार नाही.

बरं, आता मूळ मुद्द्यावर येते, कारण माझ्या मते तुमचा सगळा गुंता इथंच आहे. आई ‘नको’ म्हणते ते कशाला नको म्हणते? साध्या गाठीच्या ऑपरेशनला. तिला तुम्ही सांगितलंय की गाठ साधी आहे. मग ६७ वर्षांच्या बाईनं साध्या गाठीसाठी भूल घ्यायला, पोटचा लेक चार दिवस बागेतनं बाजूला काढायला, सुनेला दवाखान्यात डबे पोचवायला लावायला ‘नको’ म्हणणं यात हट्ट कुठाय? ती अगदी बरोबर बोलतेय. मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. कॅन्सरवर उपचार घ्यायचा का नाही हा प्रश्न तिला अजून कुणी विचारलेलाच नाही. त्यामुळं तिच्या नकाराचा मान राखायचा म्हणून गप्प बसलीस तरी चूक, आणि तिचा नकार मोडून काढायचा म्हणून भावाला सही करू दिलीस तरी चूक. आणि गंमत बघ, लपवल्यामुळं डॉक्टरांचंच काम अवघड झालंय, ज्या ऑपरेशनसाठी एवढी घाई आहे त्याला ती तयार होत नाही ते त्या ‘साध्या’मुळंच.

तर हो, सांगायचं. लपवून लपणार पण नाही. वॉर्डात शेजारच्या कॉटवरची बाई पहिल्याच संध्याकाळी विचारते ‘तुमचा कुठला कॅन्सर, किती केमो सांगितल्यात’. दवाखान्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं. औषधाच्या दुकानातलं पोरगं बोलून जातं. आणि मग आईला दोन धक्के, एक आजाराचा, एक घरच्यांनी फसवल्याचा, आणि दुसरा जास्त दिवस टिकतो.

‘कळलं तर ती आधीच संपेल’ असं भाऊ म्हणतो. असं फक्त आपल्याकडंच वाटतं असं नाही. अमेरिकेत १९६१ मध्ये डॉक्टरांना विचारलं होतं, तेव्हा दहातले जवळजवळ नऊ म्हणाले होते की कॅन्सर असेल तर आम्ही पेशंटला सांगत नाही, तो खचतो. १९७९ मध्ये तसंच पुन्हा विचारलं तर ९७ टक्के म्हणाले की आम्ही सांगतो. अठरा वर्षांत एवढा फरक. दरम्यान उपचार सुधारले हे खरंच, पण सांगितल्यामुळं माणसं पटापट मरायला लागली असती तर डॉक्टर सांगायच्या बाजूला गेले असते का? मी जे बघितलंय ते असं की बाई खचते ती ती स्वतः खोलीत शिरल्यावर सगळे एकदम गप्प होतात तेव्हा. माहेरची माणसं अवेळी भेटायला यायला लागतात, सून एकदम गोड बोलायला लागते, नातवंडांना कुणीतरी दटावतं. तिला सगळं कळतंय, फक्त बोलायला कुणी नाही. आणि खरं सांगू, गाठ तिला पहिल्यांदा लागली ती मागच्या महिन्यातच असं मी धरून चालणार नाही. कितीतरी बायका आंघोळीच्या वेळी हाताला लागलेली गाठ महिनोन्महिने कुणाला सांगत नाहीत. तुम्ही तिच्यापासून लपवताय, तिनंही तुमच्यापासून लपवलं असेल. विचार तिला, हळूच.

मात्र धाडकन जाऊन ‘आई तुला कॅन्सर आहे’ असं तोंडावर फेकायचं नाही. आधी तिलाच विचारायचं, ‘आई, तुझा रिपोर्ट आलाय, तुला सगळं सांगू का, का आम्ही बघतो म्हटलेलं तुला बरं वाटेल?’ हे लोक विचारतच नाहीत. काही माणसं खरंच म्हणतात, मला नको सांगू, तुम्ही आणि डॉक्टर बघा. तसं ती म्हणाली तर तोही तिचाच निर्णय आहे, त्यात तिचा हक्क कुठं जात नाही, फक्त ‘तुम्ही’ म्हणजे कोण ते विचारून घे, मुलगा का मुलगी, आणि सही कशाची करतेय एवढं तरी तिला कळलं पाहिजे. दोन-चार दिवसांनी पुन्हा विचार, माणसाचं मन बदलतंय. पण मला वाटतं ती ‘सांग’ म्हणेल. ‘सांग’ म्हणाली की कॅन्सर हा शब्द एकदा स्वच्छ उच्चार, गाठ-बिठ, खराबी, तसलं काही नको, आणि मग गप्प बस. लगेच ‘पण काही होत नाही गं हल्ली, अमक्याच्या बायकोला बघ’ असलं सुरू करू नको. तिला पहिल्यांदा काय विचारावंसं वाटतं ते येऊ दे. रडली तर रडू दे. सगळी भावकी गोळा करून नको, तू, ती आणि जमलं तर दादा, संध्याकाळी घरीच. ती आधीपासून खूपच उदास असेल, जेवत-झोपत नसेल, जिवाचं काही करून घेईन असं बोलत असेल, तर मात्र घरी एकटीनं नको, डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकाच्या समोर सांगा, दोन टप्प्यांत सांगा, पण सांगा.

दादाशी आधी बोल. त्याच्या पाठीमागं जाऊन आईला सांगितलंस तर उद्या दवाखान्यात दोन तट पडतील आणि आई मधे चिरडेल. त्याला ‘तू चुकलास’ म्हणू नको. बघ, केबिनमध्ये एकटा होता, बातमी एकट्यानं ऐकली, महिनाभर एकट्यानं पोटात ठेवलीय, बागेला पाणी देताना तेच, जेवताना तेच. त्याला म्हण, ‘दादा, हे तू एकट्यानं वाहू नको, आईला विचारू, तिच्या नकाराचं तुला उद्या वाईट वाटायला नको.’ वहिनीलाही बसव, कारण ड्रेसिंग, डबा, अंघोळ घालणं हे तिच्याच अंगावर येणार आहे आणि तिचं मत अजून कुणी विचारलेलं दिसत नाही, तू पण पत्रात तिच्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीस.

तुझ्या त्या गुगलवाल्या प्रश्नाबद्दल. तो प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, उलट त्याच प्रश्नानं या ऑपरेशनचा इतिहास बदललाय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड नावाच्या सर्जननं पद्धत पाडली की छातीत कॅन्सर म्हटलं की सगळा स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं खरवडून काढायचं. पाऊणशे वर्षं तेच चाललं. त्यात अशी रीत होती की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तिथल्या तिथं तपासायचा, आणि कॅन्सर निघाला तर तिला न उठवता सगळं काढून टाकायचं. बाई झोपताना तिला माहीत नसायचं की उठल्यावर काय असेल काय नसेल. १९७४ मध्ये रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईला स्वतःला हा आजार झाला, तिनं सांगितलं आधी फक्त तपासणी करा, मग मला उठवा, मग मी ठरवते, तर तेवढं ऐकणारा सर्जन मिळवायलाच तिची दमछाक झाली. ती आणि तिच्यासारख्या बायका मागं लागल्या, आणि १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं कायदाच केला की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटला सगळे पर्याय सांगायचे. तिकडं बर्नार्ड फिशर नावाच्या सर्जननं अठराशेवर बायकांवर अभ्यास केला, काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ, काहींची गाठ काढून वर रेडिएशन. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, हिशेब आला की जगण्यात काही फरक नाही. फरक एवढाच की नुसती गाठ काढून रेडिएशन न दिलेल्यांच्यात ३९ टक्के जणींना त्याच जागी पुन्हा आजार आला, रेडिएशन दिलेल्यांच्यात १४ टक्के.

याचा अर्थ तुझ्या आईची फक्त गाठच काढा असा नाही हं. गाठ केवढी, कुठं, एक का अनेक, काखेत पोचलीय का, यावर ते असतंय, आणि ते डॉक्टरच सांगणार. कधी कधी पूर्ण काढणंच बरं असतंय, आणि काही बायका स्वतःच म्हणतात पूर्ण काढा, मला ते रोज रोज रेडिएशनला जाणं नको, कारण रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस असं तीन ते पाच आठवडे, गावावरनं मिरजेला रोज कोण आणणार-नेणार. तुझ्याकडं सांगलीत राहायची सोय आहे हे आईला माहीत असलं तर तिचा निर्णय वेगळा होऊ शकतो, बघ, एवढ्याशा गोष्टीवर ठरतंय. तपासणीच्या तुकड्यावर ईआर, पीआर, हर-टू या तीन गोष्टींचा रिपोर्ट झालाय का ते विचार, गाठ हार्मोनवर वाढतेय का आणि कुठली औषधं लागू पडतील ते त्यावरनं कळतं. हार्मोनवर वाढणारी गाठ असेल तर पुढं काही वर्षं रोजची एक गोळी असते, आणि फार थकलेल्या, भूल न झेपणाऱ्या पेशंटला कधी कधी नुसत्या गोळ्यांवर पण ठेवतात. तुझी आई धडधाकट असेल तर ऑपरेशनचा फायदा जास्त, हे डॉक्टर सांगतील आणि ते बरोबरच असेल.

आता पुढची धास्ती. सगळं सांगितलं, आणि तरी आई ‘नको’च म्हणाली तर? तर तो नकार कशाचा बनलाय ते उकलून बघायचं, कारण आमच्या अनुभवात पहिल्या ‘नको’च्या पोटात दुसरंच काहीतरी निघतंय. बऱ्याचदा पैसा. लेकाच्या डोक्यावर बागेचं कर्ज, आपल्यापायी आणखी नको. तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार बसतात, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात आहे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो त्याला ॲडमिट व्हायच्या आधी भेटायचं, रोख पैसे भरून बसल्यावर नाही. कधी लाज असते, पुरुष डॉक्टरपुढं कपडे काढायची, मग बाई डॉक्टर किंवा नर्स सोबत असेल असं सांगता येतं. कधी गावातली कुणीतरी केमोत गेलेली असते आणि आईच्या डोळ्यापुढं तीच असते. आणि कधी खरंच असतं की माझं झालंय, आता मला सुखानं घरात राहू द्या. ही शेवटची गोष्ट निघाली तर तिला हेही खरंखरं सांगावं लागेल की ही गाठ नुसती ठेवली तर काय होतं, ती फुटू शकते, जखम होते, वास येतो, दुखतं. हे घाबरवणं नाही, ही तिला हवी असलेलीच माहिती आहे, फक्त एकदा सांगायची, रोज उठून नाही. मग तू रडलीस, पाया पडलीस, नातवाला पुढं केलंस, सगळं चालेल, लेक आहेस तू, लेकीनं हट्ट करायचा नाही तर कुणी करायचा. खोटं बोलायचं नाही आणि ‘नुसती रक्ताच्या तपासणीची सही आहे गं’ म्हणून अंगठा घ्यायचा नाही, एवढीच रेघ. आणि तरीही नकोच म्हणाली तर तिच्याच मनासारखं. तेव्हा पण दवाखाना सुटत नाही, वेदना कमी करणं, जखम सांभाळणं हे उपचारच असतात, त्यासाठी वेगळे डॉक्टर असतात.

उलटा अनुभव पण येतो हल्ली, तेही सांगून ठेवते. काही दवाखान्यांत पेशंटला पर्याय विचारायचे म्हणून तीन-चार नावं हॉटेलच्या मेनू कार्डासारखी पुढं ठेवतात आणि म्हणतात ‘हे असं असं आहे, तुम्ही ठरवा’. अहो, आम्ही कसं ठरवणार? डॉक्टरनं आपलं मत द्यायलाच पाहिजे. तू सरळ विचार, ‘डॉक्टर, तुमच्या स्वतःच्या आईला असतं तर काय केलं असतंत?’ चांगला डॉक्टर या प्रश्नावर थांबतो, खुर्चीत मागं टेकतो आणि बोलतो. हा प्रश्न आईच्या समोर विचार, आई खुर्चीत, तू मागं उभी, आणि डॉक्टर तुझ्याकडं बघून बोलायला लागले तर तू आईकडं बघायचं, त्यांना आपोआप कळतं.

यावरही ते वैतागले, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घे. त्यात पहिल्याचा अपमान काही नाही. मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद काढली त्यात दुसरं मत घ्यायचा हक्क लिहिलाय, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होमच्या नियमांप्रमाणं अशी सनद दवाखान्यात लावायला पाहिजे, बघ तिथं भिंतीवर दिसते का. कागदपत्रं मागितली की ७२ तासांच्या आत द्यायची असं डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीत आहे, पण पहिल्याच दिवशी नियमावली काढू नको, आधी गोडीनं माग. नुसता रिपोर्ट नको, तुकड्याची स्लाइड (तपासलेली काचपट्टी) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) पण माग, नाहीतर दुसरा डॉक्टर सगळं परत करायला लावतो.

आणि ऑपरेशन ठरलं तर संमतीचा फॉर्म आदल्या दिवशी घरी आणून आईला वाचून दाखव, मराठीतला माग, ऑपरेशनचं नाव लिहिलंय का ते बघ, ‘गरज पडल्यास इतर शस्त्रक्रिया’ असं मोघम काही छापलेलं असेल तर इतर म्हणजे काय ते डॉक्टरांना विचारून तिथंच लिहून घे. ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी असेल तर आईनं सही करायची नाही, आणि दादानं तर नाहीच.